अरबीतल्या बहिणी

दुपारची भांडी झाली की मी चष्मा पुसते, संगणकापुढे बसते आणि जपानी चित्रकथांची परीक्षणं लिहिते. सगळ्या चित्रकथांची नाही. दोन मुलींचं किंवा दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम बसतं अशा कथा तिकडे पुष्कळ निघतात, पुस्तकंही निघतात आणि कार्टूनंही. मी तेवढ्यांबद्दलच लिहिते. भाचीनं मला त्यासाठी एक संकेतस्थळ काढून दिलं आहे. गल्लीत मी निवृत्त शिक्षिका म्हणून माहीत आहे आणि गणपतीत रांगोळीच्या स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावतात. बाकीचं कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. वाचणाऱ्या पोरी मात्र विचारतात, "काकू, अशी कथा तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिली?" मी लिहिते, "येलदरीला, अरबीत." त्यांना वाटतं, काकू चेष्टा करतात.

येलदरीच्या धरणावर वडील पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर होते. आम्ही मूळचे राणीसावरगावचे, कोरडवाहू जमिनीचे. लग्न होईपर्यंत माझ्या आईनं विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. कॅम्पातल्या, म्हणजे धरणाच्या वसाहतीतल्या, क्वार्टरच्या दारातून तिला एवढा जलाशय दिसायला लागला तेव्हा पहिले काही दिवस तिनं त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापल्या. मशीन चालू असलं की भिंतीतून एक बारीक घूं असा आवाज सतत यायचा. पाहुण्यांना त्यानं झोप लागत नसे आणि आम्हाला तो थांबला की जाग येई. साऱ्या मुलखाला वीज देणारं ठिकाण ते, पण आमच्या क्वार्टरांची वीज जायची ती जायचीच. मग साऱ्या ओळीतल्या बायका वडिलांना जाब विचारायच्या, जणू ते ती डब्यात घालून घरी घेऊन आलेत.

आमची भिंत आणि जुबेदाखालांची भिंत एकच होती. खालांचे मालकही पॉवर हाऊसातलेच, पण ते मला आठवतात ते फक्त फोटोत. मोठा मुलगा सलीमभाई तारांचं काम शिकून कुवेतला गेला होता आणि घरात खाला आणि नसरीन अशा दोघीच असत. खाला मसाला भाजायला लागल्या की वास भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. माझी आई माहेरी मासा शिवत नव्हती. इथं आल्यावर ती आधी नाकाला पदर लावायची, मग "कसं करतेत ते तरी बघून घेते" म्हणत खालांच्या चुलीपाशी बसायला लागली, आणि एक दिवस कोळ्याकडून मरळ घेऊन आली. ती त्यात शेंगदाण्याचं कूट घालायची. खालांच्या मते तो मासा नव्हताच, माशाचं पिठलं होतं. वाटी मात्र त्या चाटूनपुसून परत करायच्या.

नसरीन आणि मी एका वर्गात. शाळा कॅम्पात झाली आणि कॉलेज तालुक्याला, एसटीनं. खिडकी तिची, कारण तिला गाडी लागायची. लिमलेटच्या गोळ्या मी घेऊन जायची, कारण ती विसरायची. हसताना ती तोंडावर ओढणी धरायची. लाजेनं नाही, दात थोडे पुढे होते म्हणून. एकदा मी तिला म्हणाले की ओढणी नको धरत जाऊ, मला दिसू दे. ती म्हणाली, "तुला दिसतंय की. बाकीच्यांना कशाला दाखवू?" मला त्या वाक्यात काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं नाही, तरी ते मला अजून पाठ आहे.

सलीमभाई सुट्टीवर आला तेव्हा टीव्ही, व्हिडिओ आणि कॅसेटींची एक पेटी घेऊन आला. सारा कॅम्प खालांच्या घरात मावेना. पोरं खिडकीत बसली, बाया ओट्यावर. सगळ्यांना हिंदी पिक्चर पाहिजे होता. सलीमभाईनं पहिलीच कॅसेट लावली तर त्यात कुस्ती निघाली, मग दाढीवाला माणूस बातम्या सांगायला लागला, आणि मग निळं पाणी, एक नाव, मोठमोठ्या डोळ्यांच्या दोन पोरी. सगळं अरबीत. सलीमभाई ओशाळला. म्हणाला, "नसरीन के लिए टीव्ही पे से भर के लाया. कार्टून है, जपान का. उधर वाले अरबी करके दिखाते." घर हळूहळू रिकामं झालं. शेवटी त्या दोन पोरींसमोर आम्ही दोघी उरलो.

गोष्ट अशी होती. समुद्राकाठी एक गाव. तिथल्या पोरी बुडी मारून मोत्यांचे शिंपले काढतात. बुडी मारणारीच्या कमरेला दोर असतो आणि तो धरून दुसरी नावेत बसते. खालून दोराला हिसका आला की वर ओढून घ्यायचं. ह्या दोघींतली बुडी मारणारी उंच, आखूड केसांची, कमी बोलणारी. दोर धरणारी बुटकी आणि सारखी बोलणारी, पण दोर हातात आला की गप्प. उंच वर आली की बुटकी तिचे गारठलेले हात आपल्या हातांत धरून फुंकर घालायची. प्रत्येक भागात घालायची. आम्ही तो भाग सुरू झाला की फुंकर कधी येते त्याची वाट बघायचो. दोघीही एकमेकींना सांगायचो की आपण मोत्यांची वाट बघतोय. त्यांची नावं आम्हाला कळेनात, म्हणून आम्ही लांबी आणि बुटकी म्हणायचो. पुढे एक श्रीमंत व्यापारी येतो, त्याला लांबी आपल्या मुलासाठी हवी असते. लांबी एकटीच बुडी मारायला निघते, बुटकी धावत किनाऱ्यावर येते, आणि तिथंच फुटबॉलची मॅच सुरू होते. कुवेत विरुद्ध कोण ते ठाऊक नाही. तो शेवट मला पुढेही कधी सापडला नाही. आता मी शोधणं सोडून दिलंय.

नसरीनला अरबी वाचता यायची. कुराण वाचायला लहानपणीच शिकली होती, पण अर्थ थोडाच लागायचा. तिसऱ्या की चौथ्या वेळी बघताना ती म्हणाली, "विमल, ऐक. उख्ती म्हणायलीय ती. उख्ती म्हंजी माझी बहीण."

"कोण कुणाची?"

"बुटकी लांबीला म्हणायलीय."

मी परत बघितलं. फुंकर घालताना बुटकीचे डोळे लांबीच्या तोंडावर होते. मी म्हणाले, "बहीण न्हाई वाटत."

"मला बी न्हाई वाटत," नसरीन म्हणाली. "पण म्हणायलीय तर खरं."

पोरी रोज एकच कॅसेट बघतात म्हटल्यावर खालांना काळजी लागली. कॅम्पात मुलांना शिकवायला एक म्हातारे मौलवीसाहेब यायचे, हैदराबादला शिकलेले, फार सज्जन. खालांनी त्यांना बोलावून कॅसेट तपासायला सांगितली. चित्रं बघणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ते टीव्हीकडे पाठ करून, डोळे मिटून बसले आणि सगळं ऐकलं. ऐकून म्हणाले की जुबान उमदा आहे, दोघी सख्ख्या बहिणी आहेत, आईच्या औषधासाठी मोती काढतात, आणि मुलींनी हे जरूर बघावं. चहा घेऊन ते गेले.

त्याच वेळी माझी आई कोपऱ्यात बसून खालांचे तांदूळ निवडत होती. तिला अरबी येत नव्हती, हिंदीही बेताचीच. ती तांदळातून मान वर करून म्हणाली, "ह्या बहिणी न्हाईत."

खाला म्हणाल्या, "मौलवीसाब बोले ना, भैना हैं करके."

"म्हणू द्या. माज्या चार बहिणी हायत. बहीण बहिणीच्या तोंडाकडं बघत न्हाई. ताटाकडं बघती, तिला जास्त वाढलं का म्हणून."

"मग कोण हायत?" मी विचारलं.

"मला काय माहीत," आई म्हणाली आणि एक खडा काढून बाजूला ठेवला.

कॉलेजात मराठीचे सर भित्तिपत्रक चालवायचे. जिन्याखाली काचेची एक पेटी होती, त्यात दर महिन्याला आमचे हस्तलिखित कागद लागत. कविता भरपूर यायच्या. सर म्हणाले, कुणीतरी चित्रपट परीक्षण लिहा. बाकीच्यांनी गावातल्या टॉकीजला लागलेल्या पिक्चरवर लिहिलं. मी त्या कॅसेटवर लिहिलं. माझं ते पहिलं परीक्षण. मी लिहिलं होतं की चित्रं सुंदर आहेत, पाणी अगदी आपल्या जलाशयासारखं दुपारी पांढरं आणि संध्याकाळी तांबडं होतं, गाणी मोठी आहेत, आणि शेवट फुटबॉलमुळे कळत नाही. मग लिहिलं होतं, "अरबी भाषांतरात ह्या दोघींना बहिणी केले आहे. ते चुकीचे आहे. दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे. ज्याला डोळे आहेत त्याने टीव्हीचा आवाज बंद करून पाहावे." हे वाक्य आजही मला बरं वाटतं. आवाज बंद करून पाहण्याचा सल्ला मी अजूनही वाचकांना देते.

सरांना देण्याआधी मी ते नसरीनला दाखवलं. आम्ही एसटीच्या थांब्यावर होतो, दुपारची वेळ, गाडीचा पत्ता नव्हता. त्याच आठवड्यात तिचं जमवायचं चाललं होतं. सलीमभाईच्या ओळखीतला मुलगा होता, कुवेतलाच कामाला, घरचे परभणीचे. तिनं कागद वाचला. परत वाचला.

"हे त्यांच्याबद्दल लिव्हलंस का आपल्याबद्दल?"

"परीक्षण हाय," मी म्हणाले.

"ते दिसायलंय." थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझं नाव कुठाय?"

मी म्हणाले की तुझं जमायलंय, नाव कशाला घालू. उद्या कुणी परभणीला जाऊन सांगितलं तर?

"बघितलं दोघींनी. अरबी मी सांगितलं. मग नाव एकटीचं कसं?" तिनं माझ्या पिशवीतला पेन काढला, कागद गुडघ्यावर धरला आणि माझ्या नावापुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. गाडी आली. बसल्यावर तिनं गोळी मागितली.

सरांनी आम्हाला स्टाफरूमबाहेर बोलावलं. परीक्षण त्यांना आवडलं होतं. फक्त एका ठिकाणी त्यांनी लाल शाईनं 'प्रेम' खोडून 'भगिनीभाव' लिहिलं होतं. म्हणाले, "शब्द थोडा बदलला आहे. अर्थ तोच राहतो."

मी मान डोलावली. मी गुणी विद्यार्थिनी होते. नसरीन म्हणाली, "सर, अरबीत त्यांनी हेच केलंय. तुमी मराठीत करायलात."

सर हसले. "पण तुला कसं ठाऊक, प्रेमच आहे म्हणून?"

"मी बघितलंय, सर."

"कार्टूनमध्ये?"

नसरीन ताठ उभी होती. ओढणी तोंडावर धरलेली नव्हती. सर तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग कागदाकडे. ते वाईट नव्हते. नोकरी टिकवून होते. ते दिवस असे होते की मराठवाड्यात एका नावावरून वर्गातले बाक वेगळे झाले होते, बंद पुकारला की एसट्या थांबायच्या, आणि आमच्याच वर्गातली काही मुलं विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून शाईनं रंगवलेल्या पाट्या घेऊन फिरायची, तर काही त्या पाट्या फाडायची. नाव ही किरकोळ गोष्ट असते असं त्या वर्षांत इथं कुणाला पटवून देता आलं नसतं. सरांनाही ते माहीत होतं. त्यांनी 'भगिनीभाव' खोडला आणि 'प्रेम' काही परत लिहिलं नाही. "जागा मोकळी ठेवतो," म्हणाले. "वाचणाऱ्यानं आपापलं समजून घ्यावं."

तसंच लागलं. "दोघींचे एकमेकींवर" आणि पुढे मोकळी जागा, मग "आहे". काचेच्या पेटीला कुलूप कधीच नसायचं. दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेत कुणीतरी पेन्सिलीनं 'लक्ष' लिहिलं होतं. ते खोडून कुणी 'राग' लिहिलं. मग 'भरवसा'. एकानं 'डोळा' लिहिलं, त्यावर मुलं बरीच हसली. आठवड्यानं तिथं निळ्या शाईत, चांगल्या अक्षरात 'प्रेम' आलं आणि मग मात्र कुणी खोडलं नाही. मी नसरीनला विचारलं नाही. तिची बोटं निळी होती.

बातमी कॅम्पात पोचायला एसटीइतकाच वेळ लागला. खाला आमच्याकडे आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "विमल, क्या लिखी गे तू? पढ के बता." माझ्याकडे कच्चा कागद होता. मी वाचून दाखवला, सगळा, मोकळी जागा न ठेवता. आई चुलीपाशी होती. खालांनी दाराची चौकट धरून सगळं ऐकलं. मग विचारलं, "फिर डोर वाली का क्या हुआ?"

मी म्हणाले, "माहीत न्हाई, खाला. मॅच लागली."

खाला म्हणाल्या, "हौ." आणि गेल्या. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी माशाची वाटी आली. फक्त एव्हाना ठरलेल्या निकाहची तारीख पुढच्या वर्षावरून रमजानच्या अलीकडे आली, आणि नसरीनचं कॉलेज बंद झालं. परभणीच्या लोकांना कुणी काही सांगितलं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी घाईला हरकत घेतली नाही एवढं खरं.

एसटीत आता मी खिडकीशी बसायची. एका संध्याकाळी नसरीन पाण्याच्या नळावर भेटली. ओळीत आमच्या पुढे दोनच घागरी होत्या, म्हणजे बोलायला वेळ थोडा होता. तिला लागेल असं काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणाले, "लांबीनं दोर सोडून जायला नको होतं."

तिनं घागर नळाखाली लावली. "तिनं सोडला न्हाई, विमल. तिला वर वढून घेतलं लोकांनी. परीक्षण लिव्हतीस तर नीट लिव्ह." घागर भरली. तिनं ती उचलली, आणि जाता जाता दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. हात गार होता. मला फुंकर घालायचं सुचलं नाही असं नाही. मागे आठ-दहा बाया उभ्या होत्या.

तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल लोक मला काहीतरी भयंकर ऐकण्याच्या तयारीनं विचारतात. तसं काही झालं नाही. नवरा बरा निघाला. ती कुवेतला राहिली, अरबी अर्थासकट शिकली, मुलं झाली, आता औरंगाबादला नातवंडांत असते. आम्ही फोनवर बोलतो. मी लग्न केलं नाही. वडिलांनी स्थळं आणली तेव्हा आईनं प्रत्येकात काहीतरी खोट काढली, कधी मुलाची, कधी पत्रिकेची, कधी त्यांच्या गावच्या पाण्याची. शेवटी स्थळं थकली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले.

निकाह थंडीत झाला. कॅम्पातल्या मैदानात मांडव, बिर्याणीच्या डेगा, परभणीहून आलेली मॅटाडोर गाडी. मी दोन दिवस खालांच्या घरी राबत होते, मेंदी वाटली, ताटं वाढली, पाहुण्यांच्या चपला सरळ लावल्या. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. दुपारी नसरीन गाडीत बसली. खिडकी तिचीच होती. मी ओढणीत बांधलेल्या लिमलेटच्या गोळ्या तिच्या हातात दिल्या, ती "हं" म्हणाली, आणि गाडी धरणाच्या भिंतीकडून वळून दिसेनाशी झाली. मी घरी आले. वडील ड्यूटीवर जायच्या तयारीत जेवायला बसले होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि मला रडू आलं, आणि ते थांबेना. शेजारच्या पोरीचं लग्न झालं म्हणून कुणी रडतं त्याहून ते फार जास्त होतं, आवाजानं आणि वेळानंही. वडील घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागले.

आई त्यांना म्हणाली, "तुमी ताट घेऊन भाईर बसा."

"का?"

"मला मिरच्या कांडायच्यात."

वडील ताट घेऊन ओट्यावर गेले. आईनं खुंटीवरची वाळक्या मिरच्यांची पिशवी काढली, उखळ मधोमध ओढलं आणि कांडायला लागली. मिरच्या उन्हाळ्यात कांडतात. फळीवर तिखटाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. ती नाकाला पदरसुद्धा न लावता कांडत राहिली, मुसळाचा आवाज मशीनच्या घूंपेक्षा मोठा झाला आणि माझा आवाज त्यात कुठंच ऐकू येईना. तिखटाचा खकाणा घरभर पसरला. ओट्यावर वडील खोकायला लागले, पलीकडच्या क्वार्टरमधलं कुणीतरी शिंकलं. लग्नाहून परतणाऱ्या दोघी-तिघी बाया दारात डोकावल्या, त्यांच्याही डोळ्यांना धारा लागल्या.

"अवो, आत्ता कांडायलात?" एकीनं विचारलं.

"संपलं तिखट," आई म्हणाली. तिचे डोळे लालभडक झाले होते, माझे होते, वडिलांचे होते. बाईनं आम्हा सगळ्यांकडे बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि निघून गेली. आईनं पिशवीत हात घातला आणि आणखी एक मूठ उखळात टाकली.